लायसन्सच्या रकान्यात ‘ओळखीचा’

आमच्या नाहूरच्या सोसायटीत एसीवाल्याला वर सोडायचं असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म माझाच. सेक्रेटरी मी, टाइप मी केला, झेरॉक्सही माझ्या पदरच्या पैशांनी. त्यातला एक कागद सध्या पोलीस ठाण्यात आहे.

फॉर्म काढायचं कारण साधं होतं. सहाव्या मजल्यावरच्या एका एसीचं बाहेरचं युनिट गंजलेल्या स्टँडसकट खाली आलं आणि उभ्या स्कूटरची वाट लागली. स्कूटरवर कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब. पुढच्या मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटून सांगितलं, यापुढे कुणीही ऐरागैरा आपल्या भिंतीला लटकणार नाही. तीन रकाने केले: लायसन्स किंवा सर्टिफिकेटचा नंबर, विमा, सुरक्षा बेल्ट. खाली माझी सही. सही नसेल तर वॉचमन गेटवरूनच परत पाठवायचा. लोक माझ्या पाठीमागे काय काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. हिटलर म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मग एसी माझ्याच घरी लावायची वेळ आली. आई शहाऐंशीची आणि तिची खोली पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर त्या भिंतीला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखी लागायची. आई तक्रार करणाऱ्यांतली नाही. ओला टॉवेल गळ्याशी धरून पडून राहायची. एक दिवस बाथरूममधून येताना चक्कर आली आणि दारातच खाली बसली. डॉक्टरांनी बजावलं की गोळ्या राहू देत एक वेळ, आधी खोली थंड करा. त्याच संध्याकाळी मी जाऊन मशीन घेतलं.

दुकानदाराने बसवायला अंधेरीचा एक कंत्राटदार सुचवला. सगळे कागद असलेला, रीतसर. त्याचा माणूस येऊन टेप लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं. तांब्याचा पाइप फुटावर, स्टँडचे वेगळे, भिंतीला भोक पाडायचे वेगळे, आणि सगळ्यात खाली एक ओळ: उंचीवरील काम, दोन माणसे, बेल्ट व दोरासह. त्या एका ओळीचे पैसे बाकी सगळ्या फिटिंगएवढे. माझं डोकंच फिरलं. फोन लावून त्याला विचारलं, बाबा रे, एसी बसवतोयस की चंद्रावर माणूस पाठवतोयस? तो अगदी शांतपणे म्हणाला, सर, तुमच्या सोसायटीच्या फॉर्ममध्येच लिहिलंय ना तसं. मी फोन आपटला. माझाच फॉर्म मला शिकवतो म्हणजे काय.

आमच्या कोकणातल्या गावचा एक जण कांजूरमार्गला राहून एसीची कामं करायचा. वरच्या वाडीतला, चाळिशीचा, अंगाने काटकुळा, तोंडावर कायम हसू. जत्रेला गावी गेलो की देवळापाशी हमखास भेटणार, काका म्हणून वाकून पाया पडणार. त्याला बोलावलं. खिडकी बघून तो म्हणाला, निम्म्यात करतो. सर्टिफिकेटचं विचारलं तर म्हणाला, आयटीआय करायचं राहूनच गेलं, एकाच्या हाताखाली राहून काम शिकलो, पण तक्रार एक नाही. मला त्याची परीक्षा घेतल्यासारखं वाटून उलट माझीच मान खाली गेली. गावच्या माणसाला कागद विचारायचे म्हणजे उद्या गावभर बोभाटा.

तरी फॉर्म तर भरायलाच हवा. नाहीतर लोकांच्या हातात आयतंच कोलीत. डायनिंग टेबलाशी बसून मी लायसन्सच्या रकान्यात लिहिलं: ओळखीचा. विम्यापुढे एक आडवी रेघ मारली. बेल्टच्या रकान्याशी थांबून त्याच्याकडे बघितलं, तर त्याने शर्ट वर करून पँटचा चामडी पट्टा दाखवला.

“ह्यो काय, आसा मां बेल्ट.”

आम्ही दोघंही हसलो. मी ‘आहे’वर टिक केली आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्रिलच्या झडपेतून बाहेर गेला. आम्ही पाचव्या मजल्यावर. खिडकीबाहेरचा छज्जा जेमतेम दीड फुटांचा, वर कबुतरांची घाण. बाहेर उभं राहून त्याने ड्रिल मागितलं आणि म्हणाला, काका, जरा पट्टो धरून ऱ्हवा. मी ग्रिलमधून हात घालून त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला. ड्रिल सुरू झालं तशी त्याची थरथर माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत यायला लागली. खाली पार्किंगमध्ये गाड्यांची टपं चमकत होती. तळहाताला घाम सुटला आणि पट्टा हळूहळू सरकायला लागला. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. हा गेला तर मीही ओढला जाईन, असं वाटलं, आणि लगेच कळलं की नाही, तसं काही होणार नाही, मी हात सोडीन. तो मात्र बाहेर गावच्या जत्रेच्या गप्पा मारत होता.

काम झकास झालं. दुपारी आई तीन तास गाढ झोपली. त्याने दारात चपला घालताना विचारलं, आजीला बरं वाटतंय ना. मी त्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्तच दिले आणि चार लोकांत त्याच्या कामाची तारीफ केली.

तिथून सगळं माझ्या हातातून सुटत गेलं. उन्हाळा वाढत होता आणि प्रत्येक घरात एसी यायला लागला. लोक म्हणाले, सेक्रेटरींचाच माणूस पाठवा. आता फॉर्म तेच भरायचे, लायसन्सच्या रकान्यात ‘सेक्रेटरींच्या ओळखीचा’ लिहून आणायचे, बेल्टपुढे टिक. मी नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? सही करत गेलो. बायको एकदा म्हणाली, अहो, त्याला एखादी दोरी तरी आण म्हणावं, मला ते बघवत नाही. मी खेकसलो, तुला काय कळतं त्यातलं, त्याचा अपमान होईल. पहिल्या एक-दोन कामांना ड्रिलचा आवाज आला की मी बाल्कनीत जाऊन बघायचो. भिंतीला टेकून उभा असलेला तो दिसायचा, आत कुणीतरी त्याचा पट्टा धरलेला. मग मी बघायला जाणं बंद केलं. आवाज आला की टीव्ही मोठा करायचो.

सातवं काम बी विंगमध्ये होतं, चौथ्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंही ऑफिसला, घरात फक्त सासूबाई, त्यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले. सकाळी अकराच्या सुमारास ड्रिल चालू होतं. मग बंद पडलं. मला वाटलं, ड्रिलचं बिट बदलत असेल. मी टीव्हीचा आवाज कमी केला, तेवढ्यात खालून एक आवाज आला आणि पाठोपाठ वॉचमनची हाक. जिने कसे उतरलो ते आठवत नाही. तो तुळशीच्या कट्ट्याशेजारी कुशीवर पडला होता. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून त्याने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मी नुसता त्याचा हात धरून बसलो. आता धरून काय उपयोग होता.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर हवालदार आला. त्याने फॉर्म मागितला, उभ्या उभ्या वाचला.

“ओळखीचा म्हणजे? पूर्ण नाव सांगा.”

मला सांगता येईना. गाव सांगितलं, वाडी सांगितली, त्याचे वडील भाताची मळणी करायचे ते आठवत होतं. नाव विचारायची कधी वेळच आली नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये तो ‘एसी गाववाला’ होता. हवालदाराने माझ्याकडे बघितलं आणि कागद घडी करून खिशात टाकला. त्याच वेळी कट्ट्यावर पडलेला गाववाल्याचा फोन वाजायला लागला. काच तडकली होती तरी वाचता येत होतं, ‘घर’. उचलायला कुणी पुढे होईना, म्हणून मी उचलला.

त्याची बायको मुलुंडच्या हॉस्पिटलात आली तेव्हा त्याला आत नेलेलं होतं. आम्ही दोघं बाकावर बसून होतो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती रडली, मग तिने पदराने तोंड पुसलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं, पण उठून जाताही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलायला लागली. त्याच्याकडे बेल्ट होता म्हणे. चांगला, दोरीचा, हुक असलेला, दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशाने घेतलेला. कंपन्यांच्या कामाला गेला की न विसरता न्यायचा, कारण तिथे गेटवर तपासतात. आमच्याकडे येताना मात्र घरीच ठेवायचा. आज सकाळीही तिने विचारलं होतं, नेत का नाही म्हणून.

“हसान म्हणाले, थंय आपलो माणूस सेक्रेटरी आसा, माका कोण इचारतलो?”

हे तिने मला माझं कौतुक म्हणून सांगितलं.