प्रिंटरच्या पाठीवरचं कुंकू

माझ्या नातीची पत्रिका आपल्याच प्रिंटरवर छापायची, असं बाबांनी तिच्या बारशाला जाहीर केलं आणि माझं डोकंच फिरलं. तो धुडासारखा प्रिंटर त्यांच्या डोंबिवलीच्या घरात आतल्या खोलीत टेबलावर बसलेला. त्याच्या पाठीमागच्या रुंद खोबणीत बसणारी जाड वायर हल्लीच्या एकाही लॅपटॉपला लागत नाही, आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला. मी म्हटलं, माजिवड्याला माझ्या घरी चांगला नवा प्रिंटर आहे, त्यावर काढून आणते. आणलीही. बाबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून त्यावरून बोटं फिरवली.

"कोरा आहे गं हा," ते म्हणाले.

काचबिंदूने बाबांची नजर गेली आहे. त्यांचा प्रिंटर बारीक सुया आपटून छापतो, त्यामुळे कागदाच्या मागच्या बाजूला छापलेलं सगळं उठून येतं. अक्षरं काही त्यांना बोटांनी कळत नाहीत, पण कुंडलीची चौकट, तिरक्या रेघा, घरं बरोबर कळतात. रिटायर झाल्यावर आमच्या अर्ध्या आळीच्या पत्रिका त्यांनी ह्याच यंत्रावर काढल्या. आता पणतीची तेवढी राहिली होती. तिचा चेहरा त्यांना दिसणार नव्हता, निदान पत्रिका तरी हाताला लागायला हवी होती.

मग मीही हट्टाला पेटले. एक डबी विकत आणली. ती प्रिंटरच्या मागे खोचायची आणि वायरने वाय-फायच्या राउटरला जोडायची, की घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून छापता येतं. म्हणजे दुकानदार तसं म्हणाला. त्याचं काय जातंय म्हणायला! दर रविवारी मी डोंबिवली गाठायची आणि त्या डबीपुढे डोकं फोडायचं. लॅपटॉपला डबी सापडली की डबीला प्रिंटर सापडेना. बाबा शेजारी खुर्चीत बसून न कंटाळता विचारायचे, आता लागलं का? मी खेकसायची, लागलं की तुम्हाला ऐकू येईलच.

एका रविवारी आलं ऐकू. प्रिंटर करकरत सुरू झाला, बाबांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. कागद बाहेर आला. त्यावर नुसते वेडेवाकडे ठिपके आणि आकडे, कुंडलीचा पत्ता नाही. बाबांनी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि रेघ कुठाय म्हणून मलाच विचारलं.

मी डबी उपसली, प्रिंटर फिरवून मोबाईलचा टॉर्च मारला. खोबणीच्या एका टोकाला हळदीकुंकवाचा थर वाळून दगड झाला होता. हे आईचं काम. खंडेनवमीला आमच्याकडे प्रिंटरचीही पूजा व्हायची. त्या दिवशी यंत्राला विश्रांती म्हणून बाबा वायर काढून ठेवायचे. पुढून कुंकू लावलं तर कागदाला डाग पडतात म्हणून ते ओरडायचे, म्हणून आई मागे लावायची, चांगलं ओलं करून, वर अक्षता. आई गेल्यापासून बाबाच लावतात. दिसत नाही, पण तिचा थर बोटाला लागतो, त्याच्यावरच ते बोट टेकवतात.

मी त्यांना सांगितलं, की हे काढल्याशिवाय काही खरं नाही. त्यांनी हात पुढे करून त्या थरावरून एकदा बोट फिरवलं.

"काढ," मग म्हणाले. "पोरीची पत्रिका व्हायला हवी. तुझी आईही हेच म्हणाली असती."

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मी हलक्या हाताने घासत बसले. पिवळं, लाल पाणी फडक्यात उतरलं. अक्षतेचा एक दाणा निघाला, आणि त्याच्याबरोबर खोबणीतली एक बारीक धातूची पट्टी, हिरवी पडून गंजलेली, तुटून माझ्या बोटावर आली. त्यानंतर प्रिंटरने हूं की चूं केलं नाही. कोपरीतल्या रिपेअरवाल्याकडे रिक्षात घालून नेला, तर तो म्हणाला, ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत, शोपीस म्हणून ठेवा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आई ऊठसूट म्हणायची. त्या दिवशी परत येताना रिक्षात तेच डोक्यात घुमत राहिलं.

बाबांना सांगितलं तर ते फक्त "बरं" म्हणाले. चिडले असते तर परवडलं असतं. पत्रिकेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि रविवारी मी गेले तरी खुर्ची आतल्या खोलीत न्यायला सांगितलं नाही.

खंडेनवमीला मी झेंडूची फुलं घेऊन गेले. बाबा आंघोळ करून तयार होते. मी त्यांना प्रिंटरपाशी नेलं, करंडा हातात दिला. त्यांनी बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि प्रिंटरच्या पाठीवरून चाचपत नेलं. एकदा, पुन्हा एकदा. खोबण लागली, पण तिच्या टोकाशी आता नुसतं गुळगुळीत.

"कुठं लावू गं?" बाबांनी विचारलं.