मीबाई

तिला आम्ही मीबाई म्हणायचो. दुभाष्याचा नियमच तसा असतो: समोरची बाई 'मला मारलं' म्हणाली की आपणही 'मला मारलं' म्हणायचं, 'तिला मारलं' नाही. मीबाईच्या अंगात हा नियम इतका मुरला होता की ती शांतपणे 'काल पोलिसांनी मला उचललं' म्हणायची आणि नवा कारकून खुर्चीतून उठायचा. नवरा वैतागायचा, "जेवताना तरी नीट सांग बाई, आज नक्की कुणाला उचललं?"

लग्न करून ती या देशात आली, लॉन्ड्रीत इस्त्री केली आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता इथली भाषा शिकली. त्याच लॉन्ड्रीच्या माडीवर आमचं केंद्र. परदेशातून आणून धंद्याला लावलेल्या बायकांच्या केसेस आम्ही फुकट लढवतो. मीबाई पदरचा एक शब्द घालायची नाही की एक गाळायची नाही. अशिलाने शिवी दिली तर न्यायाधीशांसमोर शिवीसुद्धा जशीच्या तशी.

मी तिथली वकील. तिरसट बाई आहे मी, आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी सांगते.

धाकटी आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम वीस-एकवीसची असेल. तिच्याबरोबर विकल्या गेलेल्या मुलीने ठेवलेलं हे नाव. त्या मुलीला ही थोरली म्हणायची. दोघींना एका खोलीत कोंडलं होतं. थोरली तिथेच तापाने गेली आणि तिला कुठे नेलं ते कुणालाच कळलं नाही. घरमालकीण म्हणत होती, थोरली वगैरे कुणी नव्हतीच. ही एकटी राहायची, किल्लीही हिच्याकडेच असायची. कोंडलं होतं हे कोर्टाला पटलं नाही तर धाकटीला तिच्या देशात परत धाडणार होते, म्हणजे ज्या काकाने विकलं त्याच्याच घरी.

जबाब घेताना मीबाई मध्येच थांबली. "वकीलबाई, ही 'आपण त्या खोलीत होतो' म्हणाली."

"मग? लिहिते."

"'आम्ही' नाही म्हणाली. 'आपण' म्हणाली. हिच्या-माझ्या भाषेतही दोन्ही वेगळे. जिला सांगतोय तिला धरून 'आपण'. आणि ती ना तुमच्याकडे बघतेय, ना माझ्याकडे."

धाकटी बघत होती तिसऱ्या खुर्चीकडे. तिच्यावर माझ्या फायलींचा ढीग होता. मीबाई उठली, फायली उचलून जमिनीवर ठेवल्या, पदराने खुर्ची पुसली आणि जागेवर येऊन बसली. "चहा मागव," मी खेकसले, कारण दुसरं काही सुचेना.

सुनावणीला न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "कडी कुठल्या बाजूने होती?"

सोपा प्रश्न. पण मालकीण समोर बसलेली, आणि धाकटीची दातखीळ बसली. ती मीबाईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. न्यायाधीश लिहिता लिहिता वाट बघत होते. आता हे प्रकरण गेलं, असंच वाटलं मला.

मग मीबाई बोलू लागली, नेहमीसारखी सपाट आवाजात. "कडी बाहेरून होती. मला उठवत नव्हतं, म्हणून मी खाली पडूनच दार नखांनी उकरलं. बिजागरीच्या खाली. नंतर नखं राहिली नाहीत."

मान खाली घालून न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. धाकटीचे ओठ हलले नव्हते. मी बघत होते. आणि मी गप्प बसले.

कोर्टाने माणूस पाठवून दार तपासलं. ताज्या रंगाखाली, जमिनीलगत, बिजागरीपाशी लाकूड नखांनी खरवडलेलं होतं. धाकटीला राहायची परवानगी मिळाली आणि मालकिणीला पोलीस घेऊन गेले.

केंद्रात आल्यावर मी मीबाईला फैलावर घेतलं. "अगं, ती बोललीच नव्हती! मनाने कसं काय ठोकून दिलंस? उद्या कुणी विचारलं म्हणजे?"

"पदरचं काही घातलं नाही," ती म्हणाली. "कानावर आलं तेवढंच बोलले. ताप आलेल्या माणसाचा आवाज होता, बाई. फार बारीक."

मी धाकटीचे हात ओढून उजेडात धरले. दहाच्या दहा नखं नीट वाढलेली, कुठे ओरखडा नाही. मीबाईने माझ्या वतीने विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, "दार मी नाही उकरलं. मी घाबरून कोपऱ्यात बसले होते."

त्यानंतर मीबाईने कोर्टाची कामं सोडली. बरं झालं, असंही मला वाटलं आणि वाईटही वाटलं.

धाकटीला राहायला जागा मिळाली, त्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. पिशवी उचलून दारात उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. मीबाईने सवयीने मला सांगितलं, "आम्ही येतो."

मी तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं नाही. तोंडातून मात्र निघूनच गेलं, "या हं दोघी."