भिंतीवरचं परदेशी सर्टिफिकेट

ती बाई काही केल्या माझ्या मनातून जात नाही. निवृत्त होऊन फार काळ झालेला नाही, म्हणून कुणाचं नाव सांगत नाही आणि पोलीस ठाण्याचंही नाही. मध्य मुंबईतलं, एवढं पुरे. मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत वर आले. कम्प्युटर तर ठाण्यातच एका बोटाने शिकले. खाकीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बायका-पोरं सोडून पळालेले सभ्य गृहस्थही पाहिले. पण कुणाकडे बघून तोंडात बोट घालावं, असं माझ्या बाबतीत एकदाच झालं.

सकाळची हजेरी आटोपली होती. रात्रपाळीवाले चार्ज देऊन घरी निघाले होते आणि मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभी होते. तेवढ्यात लँडलाइन वाजली. फोन मीच उचलला.

"पोलीस ठाणं का?" बाईचा आवाज.

"बोला."

"परळला जुन्या गिरणीच्या जागेत इंडस्ट्रियल इस्टेट आहे ना, तिथे दुसऱ्या मजल्यावर बायकांची कम्प्युटरची कंपनी आहे. भिंतीवर परदेशी सर्टिफिकेट लावलंय. ते खोटं आहे. ते दाखवून एका हॉस्पिटलचं काम घेतलंय. पेशंटची सगळी माहिती त्यांच्या हातात असते."

"तुमचं नाव?"

"नाव कशाला? तुम्ही या मात्र. गाडी घेऊन या, युनिफॉर्ममध्ये या." आणि फोन बंद.

नंबर काढला तर तो लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानाचा निघाला. आमचे हवालदार जाऊन आले. हवालदार मालवणकडचे, वयाने माझ्याएवढेच, जिभेला हाड नाही.

"मॅडम, दुकानदार म्हणता, बाई इली, मोबाईल बंद पडलाय म्हणाली, एक फोन केल्यान आणि गेली."

"चेहरा पाहिला त्याने?"

"तोंडाक ओढणी. पण थंय मिरची कुटतत, सगळ्याच बायकांच्या तोंडाक ओढणी!"

स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदार नि एक महिला शिपाई घेऊन मी परळला गेले. निनावी खबरा खूप येतात. निम्म्या भाऊबंदकीच्या असतात, बाकीच्या धंद्यातल्या जळफळाटाच्या. ही दुसऱ्या जातीची असेल असं मी धरून चालले होते.

दाराबाहेर बायकांच्या चपलांची ओळ होती. आत ओळीने कम्प्युटर आणि प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. कुणी विशीतली, कुणी पन्नाशीची. हॉस्पिटलं, लॅब, दवाखाने यांच्या कम्प्युटरची देखभाल करायची आणि तिथली माहिती जपायची, हे त्यांचं काम. समोरच्या भिंतीवर ट्रॉफ्या, शाल-श्रीफळाचे फोटो, 'यशस्वी महिला उद्योजक' असले पुरस्कार, आणि मधोमध सोनेरी शिक्क्याचं इंग्रजी सर्टिफिकेट.

मालकीण चाळिशीची असेल. साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. मी म्हटलं, "आम्हाला माहिती मिळाली आहे की तुमचं हे सर्टिफिकेट..."

"हो, या ना. ते मधलं," असं म्हणून तिने स्वतः खुर्ची सरकवून दिली, म्हणजे आमच्या शिपाई मुलीला फ्रेम काढता यावी.

पंच बोलावले, पंचनामा केला, फ्रेमा ताब्यात घेतल्या. एक मुलगी हुंदके देऊ लागली. तिच्याजवळून जाताना मालकीण म्हणाली, "रडायचं नंतर. लॅबचा फोन वाजतोय, उचल." आणि पर्स घेऊन आमच्या आधी जिना उतरली.

गाडीत हवालदार माझ्या कानाशी लागले. "मॅडम, येवढी थंड बाई एक तर पक्की असता, नायतर निर्दोष. मधला काय नसता."

ठाण्यात तिला समोर बसवून चहा मागवला आणि विचारायला लागले. सर्टिफिकेट म्हणजे नक्की काय, ते तिनेच मला समजावून सांगितलं. बाहेरचे तपासनीस येतात, कुलपं बघतात, पासवर्ड कसे ठेवता ते बघतात, माणसांना उलटसुलट विचारतात. मग लिहून देतात की ही कंपनी लोकांची माहिती नीट सांभाळते. मोठी हॉस्पिटलं त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. सगळं ती सरळ सांगत होती. कुठे अडखळणं नाही, घाम नाही. आणि मला काहीतरी खटकत होतं. काय खटकतंय ते चहा संपता संपता लक्षात आलं.

मी म्हटलं, "बाई, खबर कोणी दिली हे तुम्ही अजून विचारलं नाहीत."

तिने कप पुन्हा ओठाला लावला.

"आजवर ज्याच्या दारात गेले, त्याने पहिल्यांदा तेच विचारलंय. चोरही विचारतो आणि साधूही विचारतो. तुम्ही नाही विचारलंत."

तिने कप खाली ठेवला आणि चक्क हसली. "अरे देवा. इतकी तयारी केली आणि तेवढंच राहिलं बघा."

मी बघतच राहिले. मसाल्याच्या दुकानातली ओढणीवाली बाई माझ्यासमोर बसली होती. हिने स्वतःचीच खबर स्वतः दिली होती.

मग तिने सगळं सांगितलं. भोईवाड्याच्या चाळीत वाढलेली, वडील गिरणीत. प्रिंटर दुरुस्त करत धंदा सुरू केला. मुलं झाल्यावर नोकऱ्या सुटलेल्या बायका गोळा केल्या, त्यांना शिकवलं. अशात एक सल्लागार भेटला. गोड बोलणारा, कोट घालणारा. म्हणाला, आधी पुरस्कार घ्या, मग सर्टिफिकेट, मग मोठी कामं आपोआप येतात. प्रत्येकाची फी वेगळी, तीही आधी. पुरस्काराचा समारंभ दादरच्या एका हॉलमध्ये झाला. "मॅडम, त्या हॉलमधली एकही बाई रिकाम्या हाताने घरी गेली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं!" सर्टिफिकेटच्या तपासणीला दोन माणसं आली, चहा प्यायली, सेल्फी काढून गेली. हिच्या मनात शंका राहिली. पुढे तिने त्या परदेशी संस्थेच्या वेबसाइटवर आपल्या सर्टिफिकेटचा नंबर शोधला. तिथे तो नव्हताच.

"मग पोलिसांत का नाही आलात?"

"आले होते. इथेच, त्या टेबलाशी. साहेब म्हणाले, सर्टिफिकेट मिळालं, ट्रॉफी मिळाली, पेपरात फोटो आला, मग फसवणूक कुठे झाली? समजुतीने मिटवा. दुसऱ्या ठाण्यात गेले, तिथेही तेच. मग माझ्या लक्षात आलं. फसलेल्या बाईसाठी कुणी खुर्ची सोडत नाही. फसवणाऱ्या बाईसाठी गाडी येते."

मी म्हटलं, "अहो, पण तुमचं नाव..."

"ते जाणारच. पण बघा, मी तक्रार केली असं कळलं तर तो पळेल. मी पकडले गेले असं कळलं, तर तो माझ्याकडेच धावत येईल. मी त्याचं नाव घेईन या भीतीने. म्हणून म्हणते, थोडे दिवस मला आरोपीच राहू द्या."

आमच्या खात्यात सापळे लावायचं शिक्षण देतात. आमिष म्हणून स्वतःची इज्जत लावायची, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

पुढे ती म्हणाली, "आता एक फोन करू द्या." तिने माझ्यासमोरच हॉस्पिटलच्या साहेबांना फोन लावला. "सर, आमचं सर्टिफिकेट खोटं निघालंय. मी फसले, पण माहिती तुमच्या पेशंटची आहे, म्हणून तुम्हाला आधी सांगायला हवं. खरं मिळेपर्यंत काम थांबवलंत तरी माझं काही म्हणणं नाही." हॉस्पिटल म्हणजे तिच्या कंपनीचं निम्मं पोट. काम त्याच आठवड्यात थांबलं.

कागदोपत्री तो अजून गुन्हा नव्हता, चौकशी होती. पण गल्लीला हा फरक कोण समजावणार? इस्टेटच्या लिफ्टमनपासून भोईवाड्याच्या देवळापर्यंत बातमी गेली. तिच्याकडच्या एका मुलीला सासऱ्यांनी कामावर पाठवायचं बंद केलं. मालकिणीच्या आईने तर तोंड फिरवलं. "कोणत्या तोंडाने आता चाळीत हळदीकुंकवाला जाऊ मी?" खरं काय ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. आई चाळीत बोलून जाईल, म्हणून. हे मला नंतर कळलं.

आणि सल्लागार तिच्या ऑफिसात आला. अगदी तिने सांगितलं तसा. हातात मिठाईचा बॉक्स आणि पिशवीत नवी फ्रेम. आमची शिपाई मुलगी कानाला हेडफोन लावून कम्प्युटरसमोर बसली होती. हवालदार एसीवाले बनून स्टुलावर चढले होते आणि चुकून खराच एसी बंद करून ठेवला होता.

"ताई, टेन्शन नाही घ्यायचं," सल्लागार म्हणाला. "जुनं पोलिसांनी नेलं ना? जाऊ दे. हे दुसऱ्या संस्थेचं आहे, तारीख मागची टाकलीय. हे लावा भिंतीवर. माझं नाव काही निघालं नाही ना?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण हे एसीवाले विचारतायत."

ठाण्यात आल्यावर गडी भलताच सभ्य झाला. "मॅडम, मी फक्त मार्गदर्शन करतो. कागद कोण छापतं मला काय माहीत?" अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. मी त्याच्यासमोर फ्रेम उलटी केली आणि मागचे खिळे उपसले. पाठीला पुठ्ठा होता, देवांच्या तसबिरींच्या खोक्यातून कापलेला. आधी जप्त केलेल्या फ्रेमच्या पाठीलाही तोच. त्यावर गिरगावातल्या एका फ्रेमवाल्याचा शिक्का होता. मी शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, जरा पाणी मिळेल?"

माणूस पाणी मागतो तेव्हा अर्धा जबाब झालेला असतो, हा माझा अनुभव. गिरगावात गेलो. फ्रेमवाले आजोबा बिचारे भाबडे. "हां, ते सर ना? यांचा माल तयार आहे, घेऊन जा की!" दत्त, स्वामी आणि लक्ष्मीच्या तसबिरींना टेकून सोनेरी शिक्क्यांची सर्टिफिकेटं उभी होती. प्रत्येकावर एका बाईचं नाव. कुणी ब्युटी पार्लरवाली, कुणी पापडवाली, कुणी मोबाईल अॅप बनवणारी. सगळ्या आपल्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. पण खरी अडचण पुढेच होती. त्या बायकांना जबाबाला बोलवायला हवालदारांनी फोन लावले, तर एकही यायला तयार नाही. कुणी म्हणाली, आमच्याकडे तसं काही नाही. कुणी म्हणाली, नवऱ्याला माहीत नाही. एकीने तर हळूच सांगितलं, "सासूबाईंनी ट्रॉफी देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय हो. ती खोटी आहे, असं कुठल्या तोंडाने सांगू?" आणि एकाच फिर्यादीवर केस म्हणजे उद्या कोर्टात त्याचा वकील म्हणणार, ही तर स्वतःच चौकशीतली बाई, हिच्यावर काय विश्वास ठेवता?

मालकिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "हॉलमधल्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. बघते मी."

ती दारोदार फिरली. तिथे काय बोलली, ते एकीने मला नंतर सांगितलं. "त्या ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'सगळ्यांत खोटी बाई म्हणून माझं नाव झालेलं आहे. त्याच्यापुढे तुमचं काय होणार? तुम्ही फक्त माझ्या मागे उभ्या राहा.'"

कंपनीचं पुढे काय झालं ते सांगते. काही मुली सोडून गेल्या. ती पुन्हा प्रिंटर दुरुस्तीला बसली. मग खरे तपासनीस बोलावले. ते कितीतरी दिवस ठाण मांडून बसले आणि त्यांनी एकेक कुलूप हलवून पाहिलं. पूर्वी काही गैरप्रकार घडला होता का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. सर्टिफिकेट मिळालं. हॉस्पिटलने काम परत दिलं, सगळं नाही, पण दिलं. आई पुन्हा बोलायला लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? फसवणुकीचा धंदा हुशारीवर चालत नाही, तो फसलेल्या माणसाच्या लाजेवर चालतो. लाज गिळून बसलेलं माणूस हे त्या ठगाचं खरं भांडवल. म्हणून पुढे माझ्या टेबलाशी कुणी चाचरत उभं राहिलं, की मी आधी त्याला बसवायची आणि मग कलम शोधायची. पण हे शिकले ते नंतर, शांतपणे विचार करून. त्या दिवशी मी फक्त बघत होते.

जबाबाचा दिवस होता. भर उन्हात, रस्त्याने, सगळ्यांच्या देखत त्या बायका ठाण्याकडे चालत आल्या. प्रत्येकीच्या काखेत आपापली फ्रेम, कुणाच्या हातात ट्रॉफी. एकीने तर झाकायला आणलेला टॉवेल वाटेत काढून पिशवीत टाकला होता. सासूबाईंचं कारण सांगणारी आपल्या सासूबाईंनाच घेऊन आली होती. आणि सगळ्यांच्या पुढे ती.

आमच्याकडे वरिष्ठ आले की उठायचं, एरवी नाही. मी कधी उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. मला उभी पाहून दाराकडे पाठ करून बसलेले हवालदार ताडकन उठले, टोपी सरळ केली आणि वळून त्यांनी खाडकन सलाम ठोकला. समोर सगळ्या बायकाच.

"मॅडम," ते सलाम न सोडताच पुटपुटले, "साहेब खंय आसत?"

मी म्हटलं, "ह्या काय समोर. हात खाली घेऊ नका इतक्यात."