गाळाच्या गोवऱ्या

चांद्याकडच्या जंगलात धानाच्या तणसापासून पुठ्ठा बनवणारा एक छोटा कारखाना होता. पन्नासच्या दशकात मी तिथे सहा महिन्यांच्या बोलीवर प्रयोगशाळा सांभाळत होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, काचेच्या पेटीतला तराजू, एक भट्टी आणि मी. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यामुळे आपल्याला जगातलं बरंचसं कळलं आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

तणीस चुन्यात शिजवून कुटलं की मागे काळपट गाळ उरे. कारखान्यामागे त्याचा ढीग माझ्या उंचीएवढा झाला होता. मॅनेजरसाहेबांना एक दिवस सुचलं, की हा गाळ आरागिरणीच्या भुशात कालवून बॉयलरमध्ये जाळावा. गाळही जाईल, जळणही वाचेल. मला म्हणाले, "निम्मा गाळ घालून जळतो का ते काढा. जळला तर तुमची नोकरी कायम. नाही तर सहा महिने भरल्यावर बघू."

'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि मुलीच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं की नोकरी कायम आहे का.

काम साधं होतं. मिश्रण वाळवायचं, कुटायचं, मुशीत, म्हणजे आच सोसणाऱ्या छोट्या भांड्यात, भरून तोलायचं. मग भट्टीची आच टप्प्याटप्प्याने वाढवायची आणि दर टप्प्याला पुन्हा तोलायचं. आधी पाणी जातं, मग धूर, मग कोळसा, आणि शेवटी राख बसून राहते. माझ्या मुशीत राखच राख बसत होती. भुसा बिचारा पेटायला बघे, गाळ त्याला पेटू देत नसे.

प्रयोगशाळा झाडायला जवळच्या गावातल्या एक बाई येत. माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मिश्रण वाळत घालायचं कामही त्यांच्याकडेच होतं. बोलायला दुसरं कोणी नसल्याने मी एकदा त्यांनाच म्हणालो, "बाई, हे काही जळत नाही. मला आता गावी परत जावं लागणार."

"काऊन नाई जळत?"

मी त्यांना चुन्याबद्दल बरंच काही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. "माह्याकडं द्या तं," त्या म्हणाल्या. "पातळ थापलं का वाळते बरोबर."

पुढच्या आठवड्यात निम्म्या गाळाचं मिश्रण जळायला लागलं. भडकून नाही, पण धीराने, शेवटपर्यंत. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. पातळ थापून वाळवल्याने गाळातले तंतू मोकळे होत असावेत, असं मी अहवालात लिहिलं. साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि बॉयलरवरच्या चाचणीचा दिवस ठरवला. मी घरी पत्र टाकलं, की मुलीकडच्यांना कळवा, नोकरी कायम.

चाचणीसाठी दहा गाड्या माल लागणार होता. तसं सांगितल्यावर बाईंचा चेहरा उतरला.

"दहा गाड्या? एवढं शेण कुठून आणू, बाबू?"

"कसलं शेण?"

"तुमी म्हनून राह्यले होते ना, जळत नाई, गावाले जा लागते. मंग मी टाकलं. शेण टाकल्याबिगर पोटात आग धरन का ते?"

त्या वाळलेल्या तुकड्यांवर उमटलेली पाच बोटं मी रोज पाहत होतो. शेणाचा वास गाळाच्या वासात बुडाला होता, आणि कुटून पूड केल्यावर शेण शेणासारखं दिसत नाही. मला आधी संताप आला. मग लाज वाटली, कारण त्या कारखान्यात माझ्यासाठी एवढं दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

गप्प बसावं, असं एक दुपारभर वाटलं. चाचणी फसली असती तर बॉयलरवाल्यांच्या माथी मारता आली असती. संध्याकाळी साहेबांकडे गेलो आणि माझ्या चुकीने मिश्रणात शेण गेल्याचं सांगितलं. बाईंचा विषय काढला नाही.

"किती गेलं?"

"गाळाच्या जागी निम्मं तरी."

साहेबांनी अहवाल काढून रेघ मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं. "म्हणजे आपण गोवऱ्यांचा शोध लावला," ते म्हणाले. चाचणी रद्द झाली.

सहा महिने भरले, आणि साहेबांनी बघितलं. मुलीच्या वडिलांनीही बघितलं, दुसरीकडे.

निघायच्या दिवशी बाई फाटकाशी उभ्या होत्या. "काऊन सांगतलं साहेबाले?"

"खोटं होतं ते, बाई."

"खोटं कायचं? माह्या घरच्या गाईचं होतं." त्यांनी फडक्यात बांधलेल्या चार गोवऱ्या माझ्या हातात दिल्या. "तिकडं चूल पेटवाले होतीन."

पुढे एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नव्या खोलीत पहिला चहा त्यातल्या एका गोवरीवर केला. एका काडीत पेटली. शाळेत तराजू होता, मुशीही होत्या, पण तिच्यात गाळ किती आणि शेण किती, हे मी काढलं नाही. चहा उकळेपर्यंत चुलीपाशी बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, आणि धुरावर ढकलायची सोय नव्हती. गोवरी चांगली वाळलेली होती.