नयनाचा ब्रिटिश बँड

सकाळी कुकर लावत होते तेव्हा नयनाच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, नयना गेली," एवढंच बोलले. ती आजारी होती हे ठाऊक होतं, तरी मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठे?" ... त्याला आता दीड महिना होत आला. रडून झालंय, राग तेवढा उरलाय. तीस वर्षं चाललेलं भांडण तिने असं मधेच टाकून जावं, हे मला अजून पटलेलं नाही.

भांडण कशावरून, तर सगळ्यांत मोठा ब्रिटिश बँड कोणता यावरून! हसा खुशाल. नव्वदचं दशक होतं. माझे वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या मार्केटात माथाडी झालेले, आम्ही नेरूळच्या दोन खोल्यांत. नयना जवळच्याच करावे गावची, आई मासे विकायची, वडिलांची हळदी-लग्नांत वाजवणारी बेंजो पार्टी. कॉलेजात एका बाकावर आलो आणि वाद पेटला. माझी बाजू लिव्हरपूलच्या चौकडीची. त्यांच्या आधी पोरं गाणी नुसती ऐकायची, त्यांच्यानंतर स्वतः रचायला लागली, यापेक्षा मोठा प्रभाव कुठला, असं मी तावातावाने सांगायचे. नयनाचं उत्तर ठरलेलं. "तुझे चौघं गोड हायत गो. पन माझा बँड रडवतो आनि डोकं पन हलवतो."

तिचा बँड म्हणजे एक कॅसेट. वाशीचा एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. लेबलवर त्याने नुसतंच 'ब्रिटिश बँड' असं खरडलं होतं. एका बाजूला लांबलचक, उदास गिटार. दुसऱ्या बाजूला कारखान्यात घण पडावेत तसा दणका. एकच बँड ही दोन्ही कामं करतो यावर तिची श्रद्धा होती, आणि त्यावर माझ्याकडे तोड नव्हती. पुढे एकदा मूळ कॅसेटी ऐकायला मिळाल्या आणि उलगडा झाला. ते दोन वेगळेच बँड होते. दुकानदाराने एका कॅसेटवर दोघांची सोय लावली होती. मला आसुरी आनंद झाला. "तुझा बँड जन्मालाच आलेला नाही!" नयना जराही ओशाळली नाही. "मंग आता आनते जन्माला," म्हणाली.

ती बेंजो वाजवायची हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. बटणं दाबत तारा छेडायचं ते वाद्य ती वडिलांचं बघून बघून शिकली होती. हळदीत बायकांनी नाचायचं, वाजवायचं बाप्यांनी, असा रिवाज. तिला मात्र पार्टीबरोबर टेम्पोत बसून गावोगाव वाजवत जायचं होतं. दुसरं काही मागतच नव्हती. चुलतबहिणीच्या हळदीत तिने हट्टाने बेंजो पुढ्यात ओढला. आधी कॅसेटवरची ती उदास सुरावट... मग एक वळण, तिचं स्वतःचं, आणि तिथून थेट दणका. ढोलकीवाला अडखळला, सावरला. गुडघ्यांनी हैराण असलेली तिची आत्या पदर खोचून उठली, आणि तिच्यामागे सगळा मांडव.

दुसऱ्या दिवशी काकांनी, म्हणजे नयनाच्या वडिलांनी, निकाल दिला. "गावान वाजव. गावाभाईर नाय." मी भांडायला तोंड उघडलं तर नयनानेच माझा हात दाबला. पुढे तिचं लग्न गावातच झालं, वाजवणंही गावातच राहिलं. पार्टीचा टेम्पो निघायचा तेव्हा ती मागच्या दारी भांडी घासत बसायची. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. बोलायला बँड होते ना! मुलं मोठी झाली, गाणी फोनमध्ये आली, तरी भेट झाली की तिचा पहिला प्रश्न, "काय गो, मानलंस का माझ्या बँडला?" मी म्हणायचे, "नसलेल्या बँडचा कसला प्रभाव?" ती तोंड वाकडं करून चहा टाकायला उठायची.

गेल्या आठवड्यात शिरवणे गावात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाची हळद होती. मन नव्हतं, तरी गेले. जेवायला बसले आणि बेंजोवर ती उदास सुरावट सुरू झाली. म्हटलं, असेल योगायोग. मग ते वळण आलं. जगातल्या कुठल्याच बँडने ते वाजवलेलं नाही, वाजवणार कुठून? माझा घास हातातच राहिला. तशीच उठून वाजवणाऱ्यापाशी गेले. "हे कुठलं हो?"

तो वाजवता वाजवता हसला. "आमच्या शिरवन्याचं हाय, मावशी. पहिल्यापासनं हाय."

हे कराव्याचं आहे, आमच्या नयनाचं आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बायका उठून नाचायला लागल्या होत्या. कुणाला थांबवून सांगणार? भांडण मी हरले होते. टेम्पोत न बसता नयना शिरवण्याला पोचली होती.