टेम्पोत बसलेला घट

भाड्याची कामं सुटली तेव्हा वरव्याच्या गोरखतात्यांनी टेम्पो विकला नाही, त्यातच बिऱ्हाड थाटलं. टपावर सोलर, मागं पाण्याची टाकी, आत शेगडी. बायकोनं, बाळाबाईंनी, एकच अट घातली. "देव संगं येत्याल." देव आले. तेव्हापासून दोघं भोर-वेल्ह्यात मुक्काम बदलत हिंडतात.

यंदा नवरात्रात टेम्पो पानशेतला अमृतच्या हॉटेलामागं उभा होता. बाळाबाईंनी आत कोपऱ्यात माती पसरली, धान्य पेरलं, घट बसवला, दिवा लावला. दुपारी अमृत आला.

"तात्या, उद्या शनिवार. पुण्याच्या गाड्या येत्यात. टेम्पो काढा हितनं."

एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत. हा घट चाकांवर बसलाय, हे तात्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"घट हलायचा न्हाई," बाळाबाई आतून म्हणाल्या.

"काकू, घटाला कोण हात लावतंय? गाडी तेवढी सरकवा."

"गाडी सरकल्यावर घट काय हितंच ऱ्हाईल व्हय?"

अमृतनं दारातून डोकावलं. दिवा तेवत होता. त्यानं चपला काढल्या, हात जोडले.

"आदी सांगायचं न्हाई व्हय," एवढंच म्हणून तो गेला.

शनिवारी त्यानं गाड्या रस्त्याकडेला लावून घेतल्या. एक पाहुणा बूट काढायला टेम्पोच्या पायरीवर टेकला.

"साहेब, तिथं बसू नका. देऊळ हाय ते," अमृत म्हणाला.

तात्या टपावर सोलर पुसत होते. ते ऐकून त्यांनी टपावरच चपला काढल्या.