चार बोटे जागा

"पोच द्या, भाऊसाहेब."

एवढे म्हणून ते पत्राची मूळ प्रत माझ्या टेबलावर सरकवीत आणि कार्बनची प्रत मात्र दोन बोटांत घट्ट धरून ठेवीत. तिच्यावर आवक क्रमांक पडला, तारखेचा शिक्का उमटला आणि माझी सही झाली की तो कागद ते डोळ्यांजवळ नेत, शाई वाळेपर्यंत हलकेच फुंकर घालीत आणि चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवीत. मग म्हणत, "आता चला. आता ते हाय."

तुम्हीही सरकारी कचेऱ्यांत असे एखादे गुरुजी पाहिले असतील. आमचे हे गुरुजी एका वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेचे. गावातली बहुतेक घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. मी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कनिष्ठ लिपिक होतो. खडू मागायचा असो की गळके छत दाखवायचे असो, गुरुजी पोच घेतल्याशिवाय पायरी उतरत नसत. आमचा शिपाई त्यांची थट्टा करी. एकदा त्यांच्यापुढे चहा ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, आता आमाला बी पोच पायजे बरं का."

गुरुजींनी शांतपणे चिठोरे काढले आणि लिहिले, 'एक कप चहा मिळाला. साखर कमी.' खाली तारीख, सही. कचेरी खदखदून हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते, कारण गुरुजींना ही सवय कशी लागली हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते.

आरंभी ते असे नव्हते. पोच देण्याची रीत त्यांच्याकडे होती, पण ती मुलांसाठी. शाळेत त्यांनी प्रश्नांची एक जाडजूड वही ठेवली होती. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसले की ते तो प्रश्न वहीत उतरवून घेत, शेजारी 'मिळाला' असे लिहून सही करीत आणि खाली चार बोटे जागा कोरी सोडीत. उत्तर आठ दिवसांत. शाळा तपासणीला आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांबरोबर गेलो असताना मी ती वही चाळली होती. चौथीतल्या एका मुलीचा प्रश्न होता, 'आम्ही तोडीला गेल्यावर शाळेची घंटा कोण वाजवतं?' त्याखाली गुरुजींनी लिहिले होते, 'मी वाजवतो. वेळ झाली की वाजवायची असते.'

मी विचारले, "गुरुजी, एवढी जागा कशाला सोडता?"

"जागा सोडली की ती डोळ्यांना खुपती, भाऊसाहेब. भरल्याबिगर झोप येत न्हाई."

त्याच वर्षी तो दुष्काळ आला. गावातली जनावरे छावणीला गेली, सहकारी दूध संस्थेत दूध येईनासे झाले आणि तिची पत्र्याची इमारत कुलूप लागून रिकामी पडली. गुरुजींनी संस्थेच्या पंचांकडून ती मागून घेतली. आईबाप तोडीवर असताना मुलांनी गावातच राहावे, जेवावे, शिकावे यासाठी शासनाचे हंगामी वसतिगृह असते. ते तिथे सुरू करायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी मुलांची यादी आणि पालकांच्या सह्या, तोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, आमच्या कचेरीत पोहोचवायच्या होत्या. गाड्या भरायला लागण्याआधीचे आठ-दहा दिवस घरोघर जाऊन बसल्याशिवाय ते होणारे नव्हते. आणि नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकांचे दहा दिवसांचे प्रशिक्षण लागले.

गुरुजी अर्ज घेऊन आले. 'माझे प्रशिक्षण पुढच्या तुकडीत ठेवावे, अन्यथा सतरा मुले स्थलांतरित होतील,' असा सरळ मजकूर होता.

आदल्याच दिवशी साहेबांनी बजावले होते की प्रशिक्षणासाठी आलेला निधी त्याच महिन्यात खर्ची पडला पाहिजे, उपस्थिती पूर्ण दिसली पाहिजे, एकाही शिक्षकाला सूट नाही. अर्ज आवक नोंदवहीत घेतला असता तर तो साहेबांपुढे ठेवावा लागला असता, आणि तो ठेवणारा मी ठरलो असतो. मी नव्याने लागलेला होतो. भीती वाटली, असे म्हणणे सोपे आहे. खरे तर मला त्रास नको होता.

"शिक्का कपाटात अडकलाय, गुरुजी," मी म्हणालो. "ठेवून जा. नंतर मारतो."

"तुमी म्हनता तर झालंच की," ते म्हणाले आणि गेले. शिक्का माझ्या खणातच होता. त्याच खणात मी अर्ज ठेवला.

सूट मिळाली नाही, तेव्हा गुरुजी प्रशिक्षणाला गेले. तिथे त्यांना शिकवण्यात आलेला एक विषय होता, शाळागळती रोखण्याचे उपाय. ते परतले तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या. दूध संस्थेला कुलूप होते, शाळेत पाच मुले होती. त्यांतली दोन स्वतः गुरुजींची.

पुढे विधिमंडळाच्या अधिवेशनात कोणा सदस्याने प्रश्न विचारला. प्रशिक्षणामुळे एकशिक्षकी शाळा बंद राहून मुले स्थलांतरित झाली, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शिक्षकांचे अर्ज प्राप्त झाले होते काय व त्यावर कोणती कार्यवाही केली? वरून माहिती मागवण्यात आली, आजच्या आज. मसुदा लिहिण्यात माझा हात चांगला आहे असे साहेब म्हणत. मी आवक नोंदवही उघडली. तीत गुरुजींचा अर्ज नव्हता. मी लिहिले, 'हे खरे नाही. असा कोणताही अर्ज प्राप्त नाही. सबब, कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.' वाक्य वाचून मला समाधान वाटले होते, हेही इथे नमूद केले पाहिजे.

महिन्याभराने त्या छापील उत्तराची प्रत हातात घेऊन गुरुजी माझ्यापुढे उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊसाहेब, मी तुमच्यापाशी अर्ज दिलता ना?"

मी नोंदवही त्यांच्यापुढे उघडून धरली. "नोंद नाही, गुरुजी."

त्यांनी बोट ओळींवरून वरून खाली नेले, मग खालून वर आणले. नोंदवही मिटून ते म्हणाले, "मंग चूक माझी. लई घाई झालती तवा. पोच घ्यायला पायजे होती." आणि त्यांनी मला नमस्कार केला.

त्या दिवसानंतर ते पोचेशिवाय कधीच गेले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी पोच घेऊन वसतिगृह मिळवले, त्यापुढच्या वर्षीही. त्यांच्या प्रत्येक कागदावर मी शिक्का मारला, चांगला दाबून.

तो अर्ज मात्र मी फाडला नाही. बदल्या झाल्या तसा तो माझ्याबरोबर तीन कचेऱ्या फिरला. पन्नाशी ओलांडल्यावर एका उन्हाळ्यात मी गुरुजींच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते. ओसरीवर बसून वस्तीवरच्या मुलांचे प्रश्न अजून वहीत घेत होते.

"गुरुजी, हा अर्ज मला मिळाला होता," मी म्हणालो. तो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "अक्षर बरं होतं तवा माझं," म्हणाले. मग त्याची घडी जुन्याच मोडीवरून घातली.

"म्हंजी मी दिलता," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्सं मला वाटायचं, आपनच इसरलो का काय. घरी बी म्हनायचो, माझ्यामुळं गेली ती पोरं."

सतरा मुलांबद्दलचे अपराधीपण मी या माणसाच्या खांद्यावर ठेवून आलो होतो आणि त्याने ते तक्रार न करता वागवले होते. मला याची कल्पना नव्हती, असे मी म्हणू शकत नाही. मी तसा विचारच करायचे टाळले होते.

"ती मुलं पुढं कुठं गेली, गुरुजी?" मी विचारले.

"असं तोंडी न्हाई. लिहून द्या."

मी त्यांच्या वहीत, एका मुलाच्या 'विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुठं जातं' या प्रश्नाखाली, माझा प्रश्न लिहिला. त्यांनी 'मिळाला' लिहून सही केली आणि खाली जागा सोडली. या वेळी चार बोटांनी भागणार नव्हते. त्यांनी पानच उलटले. मी निघालो तेव्हा काकूंनी, गुरुजींच्या पत्नीने, हातावर गूळ ठेवला. गुरुजी दारापर्यंत आले. माफ केले, असे ते म्हणाले नाहीत आणि मीही माफी मागितली नाही.

पाऊसकाळ संपता संपता ते गेल्याचे कळले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी वही माझ्या हाती दिली. "तुमच्या नावानं ठिवली होती. का म्हून ते काय बोलले न्हाईत."

खालच्या तारखेवरून उत्तर आठ दिवसांच्या आत लिहिलेले होते. सतरा नावे, एकाखाली एक. नऊ जण पुढच्या वर्षी शाळेत परत आले, त्यांतली एक आता नर्स आहे. सात जण तोडीवरच राहिले, दोघे मुकादम झाले. प्रत्येकापुढे गाव, मुलेबाळे, त्यांची मुले शाळेत जातात की नाही, सारे. सतराव्या नावापुढे मात्र फक्त 'तपास चालू' असे होते आणि खाली चार बोटे जागा कोरी. ते नाव घंटेचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे होते.

हल्ली दिवाळी झाली की मी सिरसाळ्याच्या बाजारात जातो. टोळ्यांच्या गाड्या तिथे चहापाण्याला थांबतात. बाया पाणी भरत असतात, तेव्हा मी ते नाव, बापाचे नाव, गाव सांगून विचारतो. गेल्या खेपेला एका म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळले.

"तुमची कोन लागती ती?"

मी पिशवीतून गुरुजींची वही काढली. तिचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला, 'मिळाला' असे लिहून सही केली, तारीख घातली आणि खाली चार बोटे जागा सोडली.